पेपर राहिला तर पुढं काय करायचं: एसजीपीए, बॅकलॉग आणि परत परीक्षेचा सगळा हिशोब

रिझल्ट लागला की फोन सुरू होतात. "सर, एक विषय गेलाय, वर्ष जातंय का?" "सर, एसजीपीएच्या रकान्यात नुसती रेघ आलीय, सर्वर डाऊन आहे का?" "सर, कॅरी ऑन मिळणार म्हणायलेत, खरंय का?" मी तालुक्याच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे सीएचबीवाला, आणि सीएचबीवाल्याच्या गळ्यात शिकवण्याबरोबर सुपरव्हिजन, फॉर्म तपासणी, इंटर्नलचे मार्क ऑनलाइन भरणं असं सगळंच पडतं, त्यामुळं ही भानगड आतून बघितलेली आहे. दरवर्षी एकेकाला फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकावं म्हणलं. फर्स्ट इयरला नव्यानं आलेल्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरातून कॉलेजात जाणारं हे पहिलंच माणूस आहे त्यांच्यासाठी तर खासच, कारण त्यांना घरी विचारायला कुणी नसतं आणि मग ते पानटपरीवरच्या सिनियरला विचारतात.

मुद्दा सुरुवातीलाच सांगतो. पेपर राहिला, म्हणजे बॅकलॉग लागला, तर दोन गोष्टी बघायच्या, त्या विषयाला क्रेडिट (म्हणजे विषयाचं वजन) किती आणि पुढची तारीख कोणती. रडणं, सिम काढून ठेवणं, गावाकडं निघून जाणं हे सगळं त्या दोन गोष्टी बघितल्यावर.

आधी हे बघा की तुम्ही कुणाचे

हे ऐकायला येडपट वाटतंय पण निम्मा गोंधळ इथंच होतो. छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव या चार जिल्ह्यांतली बीए, बीकॉम, बीएस्सीची कॉलेजं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाखाली येतात, १९५८ चं विद्यापीठ. नांदेड, लातूर, परभणी, हिंगोलीवाले १९९४ साली झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे. म्हणजे अंबाजोगाईची पोरगी आणि तिची लातूरची मावसबहीण दोघी बीएस्सी करायल्या, तासाभराचं अंतर, पण नियम दोघींचे वेगळे, तारखा वेगळ्या, एकीचा स्क्रीनशॉट दुसरीच्या काही कामाचा नाही.

इंजिनिअरिंगवाल्यांचं अजून वेगळं. मराठवाड्यातली बरीच इंजिनिअरिंग कॉलेजं लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत, लोणेरे पार रायगड जिल्ह्यात, आणि नावात बाबासाहेब दोन्हीकडं असल्यानं पोरं गूगल करताना भलत्याच वेबसाइटवर जाऊन सर्क्युलर शोधत बसतात. बरं, नांदेडचं श्री गुरु गोविंदसिंगजी इंजिनिअरिंग, संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी, आणि बीए-बीएस्सीवाल्यांत लातूरचं राजर्षी शाहू ही स्वायत्त, म्हणजे ऑटोनॉमस, तिथं परीक्षा कॉलेजच घेतं आणि परत परीक्षेचे नियमही कॉलेजचेच. परभणीच्या कृषी विद्यापीठाकडच्यांचा हिशोबच निराळा, तिथं शेकडा मार्काला १० नं भागलं की ग्रेड पॉइंट, आणि ५० च्या खाली गेलं की फेल. बीएस्सी ॲग्रीवाल्या भावाला बीएस्सीवाल्यानं "अरे ४० ला पास होतंय की" सांगितलं की झालं वाटोळं.

विद्यापीठ कळलं की दुसरं बघायचं ते पॅटर्न. तुम्ही ज्या वर्षी ॲडमिशन घेतलं त्या वर्षीचा नियम तुम्हाला लागतो, आज जो चालू आहे तो नाही. संलग्न कॉलेजात नवीन शिक्षण धोरण २०२४-२५ पासून फर्स्ट इयरला आलं, विद्यापीठाच्या विभागांत आणि स्वायत्त कॉलेजांत त्याच्या एक वर्ष आधी. त्यामुळं एकाच कट्ट्यावर बसलेल्या दोघांचे नियम वेगळे असू शकतात. विद्यापीठाच्या वेबसाइटवर परीक्षा विभागात नाहीतर अभ्यासक्रमाच्या पीडीएफच्या सुरुवातीच्या पानांवर हे नियम असतात, इंग्रजीत असतात, कंटाळवाणे असतात, पण त्यातली "पासिंग", "प्रमोशन" आणि "ग्रेडिंग" ही तीन प्रकरणं काढून फोनमध्ये ठेवा. सिलॅबस सगळे डाऊनलोड करतात आणि ही पानं कुणी उघडत नाही.

मार्कशीट कशी वाचायची

प्रत्येक विषयापुढं चार गोष्टी असतात, क्रेडिट, मार्क, ग्रेड आणि ग्रेड पॉइंट. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, जी १० ची पट्टी दिलीय तिच्यात ओ म्हणजे १०, ए प्लस ९, ए ८, बी प्लस ७, बी ६, सी ५, पी ४, आणि एफ म्हणजे ०. गैरहजर असला तर एबी, त्यालाही ०. किती मार्काला कोणती ग्रेड हे मात्र विद्यापीठ ठरवतं, ते तक्त्यात बघायचं, बहुतेक वेळा मार्कशीटच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं आणि मागची बाजू कुणी बघत नाही.

आता एसजीपीए, म्हणजे एका सेमिस्टरच्या ग्रेड पॉइंटची सरासरी. विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. बास. एक नमुना घेऊ, वही घ्या शेजारी. बीएस्सी पहिलं सेमिस्टर, २२ क्रेडिट. केमिस्ट्री थिअरी ४ क्रेडिट, बी आला, २४. केमिस्ट्री प्रॅक्टिकल २ क्रेडिट, ए, १६. मॅथ्स थिअरी ४ क्रेडिट, एफ, शून्य. मॅथ्सचं प्रॅक्टिकल २, ए, १६. ओपन इलेक्टिव्ह ४ क्रेडिट, बी प्लस, २८. इंग्रजी २, बी, १२. संविधानाचा पेपर २, ए प्लस, १८. भारतीय ज्ञान प्रणाली २, ए, १६. बेरीज १३०, भागिले २२, आले ५.९१.

हीच पोरगी पुढच्या वेळी मॅथ्स काढते, अगदी रडतखडत सी ग्रेडनं काढते, तरी २० पॉइंट वाढले, १५० भागिले २२, ६.८२. नुसता सी मिळून जवळजवळ एक पॉइंट वर. आता समजा मॅथ्समध्ये सी होता आणि एफ इंग्रजीत आला होता, तर एसजीपीए ६.२७ राहिला असता आणि इंग्रजी सी नं सुटल्यावर ६.७३ झाला असता, म्हणजे फरक निम्मा. म्हणून म्हणतो, दोन विषय राहिले असतील आणि अभ्यासाला वेळ कमी असेल तर आधी ४ क्रेडिटवाला धरा. पोरं उलटं करतात, सोपा म्हणून २ क्रेडिटचा पेपर घोकत बसतात आणि मोठा पेपर "पुढच्या वेळी बघू" म्हणून ढकलतात, तो ढकलत ढकलत थर्ड इयरपर्यंत येतो.

बऱ्याच ठिकाणी एफ असेपर्यंत एसजीपीए छापतच नाहीत, तिथं ती रेघ येते. सर्वर बरोबर असतो. विषय सुटला की आकडा येतो.

सीजीपीए म्हणजे सगळ्या सेमिस्टरचा मिळून, आणि इथं एक चूक फार होते, सगळे एसजीपीए मिळवून सेमिस्टरच्या संख्येनं भागतात. सगळ्या सेमिस्टरला क्रेडिट सारखे असतील तर उत्तर बरोबर येतं, नसतील तर चुकतं. समजा २४ क्रेडिटच्या सेमिस्टरला ६.०० आणि १२ क्रेडिटच्या शेवटच्या प्रोजेक्टवाल्या सेमिस्टरला ९.००. सरळ सरासरी ७.५० येते, पोरगं खुश. खरा हिशोब १४४ अधिक १०८, २५२ भागिले ३६, म्हणजे ७.००. कॅम्पस इंटरव्ह्यूला ७.५ ची अट असेल तर हे आधी कळलेलं बरं.

आणि शेवटच्या वर्षी सगळं भरून काढू म्हणणाऱ्यांनी हेही एकदा करून बघावं. चार सेमिस्टर झाली, ८८ क्रेडिट, सीजीपीए ६.२०. सहा सेमिस्टरअखेर ६.७५ पाहिजे. एकूण पॉइंट लागतात १३२ गुणिले ६.७५, म्हणजे ८९१. जमा आहेत ५४५.६. राहिलेले ३४५.४ उरलेल्या ४४ क्रेडिटमध्ये काढायचे, म्हणजे दोन्ही सेमिस्टरला ७.८५. अशक्य नाही, पण ६.२० वाल्यानं ७.८५ काढायचं म्हणजे राहणीमानच बदलावं लागतं.

नेमकं काय राहिलंय ते बघा

नापास एकाच तऱ्हेनं होत नाही. थिअरीत फेल, इंटर्नलमध्ये फेल, प्रॅक्टिकलला गैरहजर, हजेरीत अडकलेला, रिझल्ट राखीव, आणि कॉपीत सापडलेला, या सगळ्यांना पोरं एकच शब्द वापरतात, "उडालो".

थिअरीत फेल हे सगळ्यात सोपं. पुढच्या परीक्षेला तेवढाच पेपर द्यायचा, बहुतेक ठिकाणी इंटर्नलचे जुने मार्क तसेच पुढं धरले जातात. उन्हाळी परीक्षेत राहिला तर हिवाळीत, हिवाळीत राहिला तर उन्हाळीत. तो पेपर पुढच्या परीक्षेला आहे का नाही हे मात्र टाइमटेबलवर बघा, काही ठिकाणी विषम सेमिस्टरचा पेपर विषमच्याच वेळी होतो आणि मग वर्षभर थांबावं लागतं.

इंटर्नलमध्ये फेल झालात तर विद्यापीठात जाऊन काही होत नाही, ते काम विभागातल्या सरांकडं. टेस्ट परत, असाइनमेंट परत, आणि सरांनी मार्क ऑनलाइन भरायची शेवटची तारीख असते तिच्या आत. इथं एक गोष्ट मुद्दाम लिहितो. बीड, धाराशिवकडची, पाथरी-माजलगाव पट्ट्यातली पोरं, ज्यांचे आईवडील दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात, ती धाकट्या भावंडांपायी नाहीतर म्हाताऱ्यांपायी घरी अडकतात, कधी कोयत्यावर सोबत जातात, आणि नेमकी तेव्हाच इंटर्नल टेस्ट असते. नंतर येऊन "सर घरी अडचण होती" म्हणून खाली मान घालून उभी राहतात. नंतर नका येऊ, जायच्या आधी या. आधी लेखी अर्ज देऊन ठेवला, एक ओळीचा का असेना, तर वर्गशिक्षकाला फेरटेस्ट लावायला आधार मिळतो. पोर्टल बंद झाल्यावर आम्हालाही मार्क टाकता येत नाहीत, कितीही वाटलं तरी.

हजेरीच्या टक्क्यांचं प्रकरण जिथं कडक आहे तिथं, म्हणजे इंजिनिअरिंग, फार्मसी, ॲग्री, बीएड, तिथं परीक्षेलाच बसू देत नाहीत, आणि मग नुसता पेपर परत देऊन भागत नाही, टर्मच परत भरावी लागते. फेल होणं यापेक्षा परवडलं.

रिझल्ट राखीव आलाय म्हणजे तुम्ही फेल नाही. कुठंतरी कागद अडकलाय. दुसऱ्या बोर्डाहून किंवा विद्यापीठाहून आलात आणि पात्रता (एलिजिबिलिटी) झाली नाही, मायग्रेशन सर्टिफिकेट दिलं नाही, इंटर्नलचे मार्क पोचले नाहीत, पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी नंबर) चुकीचा भरला. कॉलेजच्या परीक्षा विभागातल्या क्लार्क साहेबांकडं जा, हॉल तिकीट आणि फी पावती घेऊन, आणि नेमकं कारण विचारा. "करतो बघतो" वर परत येऊ नका, कोणता कागद पाहिजे ते चिठ्ठीवर लिहून घ्या.

कॉपीचं थोडक्यात सांगतो. नांदेडला श्रीकर परदेशी जिल्हाधिकारी असताना कॉपीमुक्त अभियान झालं त्याचं नाव राज्यभर झालं, तरी आपल्याकडं अजून काही सेंटरवर "सेंटर मोकळं आहे" हे ॲडमिशन घ्यायचं कारण असतं. सापडलात तर एक पेपर जाऊन भागत नाही, त्या सत्रातले सगळे पेपर रद्द होऊ शकतात, वरून बंदी, आणि १९८२ चा गैरप्रकार प्रतिबंधक कायदाही आहे. पाच मार्काच्या चिठ्ठीसाठी २२ क्रेडिट डावावर लावायचे. चौकशी समितीपुढं बोलावलं तर मात्र टाळू नका, जा, लेखी म्हणणं द्या.

रिझल्टनंतरचे पहिले दिवस

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आणि इथंच सगळे झोपतात, कारण रिझल्टनंतर घरात सुतक असल्यासारखं वातावरण असतं.

विद्यापीठ रिझल्टबरोबर नाहीतर लगेच मागून एक नोटीस काढतं, उत्तरपत्रिकेची झेरॉक्स, गुणपडताळणी आणि पुनर्मूल्यांकन यांच्या तारखांची. मुदत थोडीच असते. पहिले झेरॉक्स मागा. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलेलं आहे की परीक्षार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात बघता येते, त्यामुळं मागायला लाजायचं कारण नाही, ती तुमचीच आहे. झेरॉक्स आली की विषयाच्या सरांसमोर बसा. बघायचं काय, तर सगळे प्रश्न तपासलेत का, सप्लिमेंट (पुरवणी) मोजलीय का, आतल्या पानावरचे मार्क पहिल्या पानावर उतरलेत का. बेरजेचा घोळ असेल तर गुणपडताळणी पुरते, फी कमी लागते. उत्तर बरोबर असून मार्क कमी दिले असं सरांनाही वाटलं तरच पुनर्मूल्यांकन.

कुणी टाकायचं? फेल होऊन थोडक्यात हुकलेल्यानं, आणि ग्रेडच्या काठावर असलेल्यानं. समजा तक्त्यात बी ५० पासून, बी प्लस ६० पासून आहे आणि तुम्हाला ५९ आहेत, एका मार्कात ४ क्रेडिटच्या पेपरला ४ पॉइंट वाढतात. ५३ वाल्यानं मात्र पैसे घालवू नयेत, ५६ झाले तरी ग्रेड तीच. प्रॅक्टिकल, व्हायवा, इंटर्नल याला पुनर्मूल्यांकन नसतं.

आणि हे गाठ मारून ठेवा, पुनर्मूल्यांकनाला टाकलं म्हणून बॅकलॉगचा परीक्षा फॉर्म भरायचा थांबू नका. पुनर्मूल्यांकनाचा निकाल बऱ्याचदा पुढच्या परीक्षेच्या फॉर्मची तारीख उलटल्यावर येतो, कधी तर पेपरच्या आदल्या आठवड्यात येतो. फॉर्म भरून ठेवा, सुटला तर बसू नका, फीचे पैसे गेले तर गेले. सहा महिने जाण्यापेक्षा ते बरं. दोन वर्षांमागं आमच्या वर्गातल्या एकानं फी वाचवली आणि पुनर्मूल्यांकनात दोन मार्क वाढूनही तो फेलच राहिला, मग त्याला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत वाट बघावी लागली, तोवर त्याच्या बरोबरची पोरं एमएस्सीच्या सीईटीला बसून मोकळी.

कायद्यानं निकाल परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत लावायचा असतो, २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात आहे ते. होतं किती ठिकाणी ते सगळ्यांना माहितीय. पण अर्ज करताना हे कलम लिहिलेलं बरं दिसतं.

बॅकलॉगचा फॉर्म

फॉर्म ऑनलाइन असतो पण नुसता सबमिट करून उपयोग नाही. रेग्युलरचा आणि बॅकलॉगचा फॉर्म वेगळा असतो, दोन्ही भरावे लागतात, आणि फी भरल्यावर प्रिंट कॉलेजात जमा करावी लागते, तेव्हाच कॉलेज आतून मंजूर करतं. नेट कॅफेवाला "झालं" म्हणला की झालं असं समजू नका, कॅफेवाल्याच्या लेखी पेमेंट झालं म्हणजे झालं. आणि फॉर्मवर विषयाचा कोड बघा, नाव नको. एकाच नावाचे दोन पेपर जुन्या आणि नव्या पॅटर्नला असतात, कोड वेगळा असतो, आणि चुकीच्या कोडवर बसलेला पेपर नंतर जुळवताना विद्यापीठाच्या इतक्या चकरा होतात की विचारू नका. हॉल तिकीट आलं की परत कोड ताडून बघा, तेव्हा कळलं तरी दुरुस्ती होते. पावती, फॉर्मची प्रिंट, हॉल तिकीट, तिन्हीचा फोटो काढून स्वतःला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

हिवाळी परीक्षेचे फॉर्म सोयाबीनची काढणी आणि दिवाळीच्या आगंमागं येतात, गावाकडं रेंज नसते, मजूर नसल्यानं पोरंच मशीनमागं असतात. वर्गातल्या एकाला तरी सांगून ठेवा की नोटीस लागली की फोन कर. मेसेज नको, फोन.

वर्ष जातंय का

किती विषय राहिले तर वरच्या वर्गात जाता येतं, म्हणजे एटीकेटी, हे अभ्यासक्रमागणिक वेगळं. कुठं विषयांची संख्या मोजतात, कुठं मिळवलेले क्रेडिट मोजतात. सेमिस्टर एकवरून दोनला सहसा अडवत नाहीत, अडवाअडवी वर्ष बदलताना होते, आणि थर्ड इयरला जाताना फर्स्ट इयरचं सगळं सुटलेलं पाहिजे अशी अट बऱ्याच ठिकाणी असते. म्हणून फर्स्ट इयरचा राहिलेला पेपर सेकंड इयरमध्येच संपवायचा. तो राहिला की सेकंड इयर फर्स्ट क्लासमध्ये पास होऊनही पोरगं घरी बसतं.

कॅरी ऑनचं सांगतो. अट शिथिल करून वरच्या वर्गात जाऊ देण्याची ही सवलत आहे, त्यासाठी आंदोलनं होतात, निवेदनं देतात, आणि कधी कधी विद्यापीठ देतंही. पण परिपत्रकावर जावक क्रमांक, तारीख आणि परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांची सही असल्याशिवाय काही खरं नाही. व्हॉट्सॲपवर फिरणारं मागच्या वर्षीचं पत्र तारीख क्रॉप करून फिरतंय. मिळेल या आशेवर अभ्यास सोडू नका, मिळालं तरी पेपर काही माफ होत नाही, तो द्यायचाच असतो.

वर्ष गेलंच तर कॉलेज सोडलं असं करू नका. नवीन धोरणात मध्ये बाहेर पडून परत येता येतं, पदवी पूर्ण करायला ७ वर्षांपर्यंत मुभा आहे, आणि मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये जमा राहतात, त्यासाठी अपार आयडी काढून डिजिलॉकरला जोडलेला पाहिजे. एफवाल्या विषयाचे क्रेडिट अर्थातच जमा होत नाहीत. जुन्या पॅटर्नवाल्यांना मात्र घाई करावी लागते, कारण अभ्यासक्रम बदलला की जुन्याच्या परीक्षा ठरावीक वेळाच घेतात आणि नंतर नव्यातला समकक्ष पेपर द्यायला लावतात, ज्याचं पुस्तकही तुम्ही बघितलेलं नसतं.

पास आहे पण मार्क कमी आहेत, परत देता येतो का

याला श्रेणीसुधार म्हणतात. काही अभ्यासक्रमांत आहे, काहीत नाही, आणि जिथं आहे तिथं अटी असतात, इतक्या मुदतीत, इतके पेपर. फॉर्म भरण्याआधी दोन प्रश्न विचारा. दोन्हीतले चांगले मार्क धरणार का नंतरचेच धरणार? आणि मार्कशीटवर खूण येणार का? नंतरचेच धरत असतील तर पहिले बी मिळालेला असून दुसऱ्यांदा सी येऊ शकतो. परत देऊन सुटलेल्या पेपरवाल्याला गोल्ड मेडल आणि मेरिटमध्ये सहसा धरत नाहीत, तेवढं सोडलं तर एमपीएससीला, बँकेला, बीएडला पदवी ती पदवीच.

माझं मत विचाराल तर एखाद्या अर्ध्या टप्प्यासाठी श्रेणीसुधार करत बसण्यापेक्षा पुढच्या सेमिस्टरचे मोठे पेपर नीट द्यावेत. पण ५५ टक्क्यांच्या अलीकडं अडकलेल्या एमएवाल्यांचं तसं नाही, त्यांनी जरूर करावा, कारण खुल्या प्रवर्गात ५५ नसतील तर नेट-सेटचा, म्हणजे प्राध्यापक व्हायच्या पात्रता परीक्षेचा, दरवाजाच बंद.

टक्केवारी काढताना स्वतःचं डोकं लावू नका

सीजीपीएला १० नं गुणलं की टक्के, असं नाही. तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यात ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ७.७५ म्हणजे ७०, ८.२५ म्हणजे ७५. दहानं गुणलं तर ६.७५ चे ६७.५ होतात, साडेसात टक्क्यांचा फरक. ऑनलाइन फॉर्ममध्ये ६७.५ टाकले आणि कागदपत्र तपासणीत ६० निघाले तर तुम्ही खोटी माहिती दिली असं होतं, तिथं रडून उपयोग नसतो. प्रत्येक विद्यापीठाचं सूत्र वेगळं, आपल्या मार्कशीटमागं छापलेलं तेच वापरायचं, छापलेलं नसेल तर परीक्षा विभागाकडून रूपांतराचं प्रमाणपत्र काढायचं. भरतीची जाहिरात येण्याआधी काढून ठेवा, जाहिरात आल्यावर तिथं जत्रा असते.

ही टक्केवारी लागते कुठं कुठं, तर स्वाधारसारख्या सरकारी योजनेत गुणांची अट असते, चौथ्या वर्षाला ऑनर्स विथ रिसर्च घ्यायचं तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. महाडीबीटीवर स्कॉलरशिप रिन्यू करताना एटीकेटी असेल तर एटीकेटीच लिहा, पास लिहून मार्कशीट फेलची जोडणारे महाभाग दरवर्षी असतात आणि त्यांचा अर्ज परत येतो तेव्हा मुदत संपलेली असते.

बाहेर देशात जायचं असेल तर

संभाजीनगर, नांदेडहून आता बरीच पोरं एमएसला जायलेत. तिकडं अमेरिकेत पट्टी बहुधा ४ ची असते, म्हणून आपला सीजीपीए २.५ नं भागून टाकायचा उद्योग करू नका, फॉर्ममध्ये १० पैकी किती ते तसंच लिहा, रूपांतर ते करतात किंवा डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून करून मागतात. बॅकलॉग लपवू नका, ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांच्या एकत्र कागदावर, दिसतो. तिकडं गेल्यावर परत विषय घेण्याचे नियम पुन्हा वेगळे. काही विद्यापीठांत दुसऱ्यांदा घेतलेली ग्रेड पहिलीची जागा घेते, काहींत दोन्हींची सरासरी धरतात, आणि जुनी ग्रेड कागदावर सहसा दिसत राहते. पदवीच्या पोरांचा जीपीए २.० च्या खाली गेला की बऱ्याच ठिकाणी प्रोबेशनवर टाकतात, मास्टर्सला ती रेघ बहुधा ३.० ला असते, आणि व्हिसावर असलेल्याला ते महागात पडतं. ट्रान्स्क्रिप्ट विद्यापीठातून सीलबंद पाकिटात काढावं लागतं, चार-पाच संच एकदमच काढा.

कुणी ऐकतच नसेल तर

आधी कॉलेजचे प्राचार्य, लेखी अर्ज, दुसऱ्या प्रतीवर पोच. मग विद्यापीठाचा परीक्षा विभाग. तरी नाही झालं तर यूजीसीच्या २०२३ च्या नियमाप्रमाणं विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिनं १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तिच्या निर्णयावर लोकपालाकडं १५ दिवसांत अपील करता येतं. लोकपालाचं नाव आणि ईमेल विद्यापीठाच्या वेबसाइटवर असतो. अर्जात गोष्ट लांबवू नका, पीआरएन, सीट नंबर, विषय कोड, परीक्षा कोणती, काय चुकलं आणि काय पाहिजे, एका पानात. सोबत झेरॉक्स. मूळ मार्कशीट कुणालाही देऊ नका, ऑफिसातले शिपाई मामा म्हणले "ठेवून जा" तरी नाही.

विद्यापीठात स्वतः जायचंच झालं तर सकाळी काउंटर उघडायच्या वेळेला पोचा, धाराशिव नाहीतर किनवटहून येणाऱ्यानं आदल्या रात्रीच निघावं, आणि जाण्याआधी कॉलेजच्या क्लार्ककडून कॉलेजचं पत्र घ्या. पत्राशिवाय गेलात की पहिला प्रश्न तोच विचारतात, "कॉलेजचं पत्र आणलंय का?"